पानांचा अधिपती : योरुबांचा ओसान्यिन

औषधी गुण नसलेली वनस्पती शोधण्यास तक्षशिलेच्या परिसरात फिरलेला जीवक रिक्तहस्ते परतला, ही कथा आपणां सर्वांस परिचित आहे. तिची जुळी शोभावी अशी एक कथा पश्चिम आफ्रिकेतील योरुबा समाजात प्रचलित आहे. ओरुन्मिला या दैवज्ञ देवतेने ओसान्यिनला शेतातील तण काढण्यास धाडले. हे ज्वरावर, ते शिरःशूलावर, पलीकडचे उदरशूलावर असे म्हणत त्याने एकही रोप उपटले नाही. या दोन कथांचा ऐतिहासिक संबंध आम्ही जोडू इच्छित नाही; रानात वावरणाऱ्या वैद्यास हा अनुभव कोठेही यावयाचाच.

ओसान्यिन हा वनौषधींचा देव. एक डोळा, एक हात, एक पाय आणि चिरका आवाज असे त्याचे रूप वर्णिले जाते. त्याच्या लोखंडी दंडावर वर्तुळात लहान पक्षी असतात व मध्यभागी त्यांहून उंच एक पक्षी असतो. रात्री पक्षिरूपाने संचार करणाऱ्या अनिष्ट शक्तींवर वैद्यविद्येने मिळविलेला जय, असा त्याचा अर्थ लावतात.

त्याच्या व्यंगाची कथा आम्हांस अधिक अंतर्मुख करते. सर्व औषधिज्ञान त्याने स्वतःपाशीच ठेवल्याने ओरुन्मिलाकडे कोणी येईना. तेव्हा एशू या देवतेने त्याचे घर त्याच्या अंगावर पाडले. वैद्याबरोबरच चितेवर गेलेले घराण्याचे योग आपल्याकडेही थोडे नाहीत.

परंतु दुसरी कथा याच्या उलट दिशेने जाते. ओसान्यिनने सर्व पाने एका तुंब्यात भरून झाडाला टांगली होती. शांगोच्या सांगण्यावरून त्याची पत्नी, वाऱ्याची देवता ओया, हिने वादळ उठविले. तुंबा फुटला, पाने उधळली आणि प्रत्येक देवाने हाती लागतील ती उचलली. पाने अशी वाटली गेली. त्यांतील शक्ती जागविण्याचे रहस्य मात्र ओसान्यिनपाशीच राहिले. केवळ नावावर सुका माल खरेदी करणाऱ्या आमच्या औषधनिर्मात्यांनी येथे क्षणभर थांबावे. चरकाने कल्पस्थानात शुचिर्भूत होऊन, पूर्वेस वा उत्तरेस तोंड करून वनस्पती घ्यावी असे सांगितले आहे. पोत्यावरील चिठ्ठीत त्यातले काय उतरते?

हे रहस्य वाणीतही आहे. ब्राझीलमधील बाहिया येथे स्थायिक झालेले फ्रेंच संशोधक पिएर व्हेर्जे यांचा योरुबा वनस्पतिविद्येवरील ग्रंथ १९९५ मध्ये प्रसिद्ध झाला. औषध सिद्ध करताना म्हणावयाच्या मंत्रातील क्रियापद पुष्कळदा त्या वनस्पतीच्या नावातील अक्षराशी जुळते, हे त्यांनी दाखविले. नाव विसरले की मंत्रही गेला! गुलामगिरीत समुद्रापार नेलेल्या लोकांनी ही नावे ब्राझीलमध्येही जपली. तेथे हा देव ओसाइन म्हणून पूजिला जातो.

या विद्येस केवळ पुराण समजणाऱ्यांसाठी एक नोंद. आपल्या सर्पगंधेतून १९५२ मध्ये रिसर्पिन वेगळे करण्यात आले. नायजेरियातील देशी वैद्य तिच्याच कुळातील रौवोल्फिया उन्मादावर वापरतात, हे मनोविकारतज्ज्ञ रेमंड प्रिन्स यांनी १९६० मध्ये प्रसिद्ध केले. योरुबा भाषेत त्या आफ्रिकी जातीस आसोफेयेजे म्हणतात. पुढे रिसर्पिनच्या व्यापारी उत्पादनासाठी तिचेच मूळ कारखान्यांत जाऊ लागले.