विश्लेषण : तीन विवाह, त्यांतले दोन भावांशीच... क्लिओपात्राआधीची राणी आर्सिनोई कोण होती?

इजिप्तची राणी म्हटले की क्लिओपात्राचेच नाव पुढे येते. मात्र तिच्या टॉलेमी घराण्यात सख्ख्या बहीण-भावाच्या विवाहाचा पायंडा पडला तो तिच्या दोनशे वर्षे आधी, दुसऱ्या आर्सिनोईपासून. हा विवाह झाला कसा आणि त्यातून काय साधले?

पहिला विवाह : वडिलांची गरज

अलेक्झांडरच्या मृत्यूनंतर त्याच्या सेनापतींनी साम्राज्य वाटून घेतले. इजिप्त पहिल्या टॉलेमीकडे गेले. आर्सिनोई त्याची मुलगी. प्रतिस्पर्धी सेल्युकसला शह देण्यासाठी टॉलेमीने इ.स.पू. ३००च्या सुमारास थ्रेसचा राजा लायसिमॅकस याच्याशी तिचा विवाह लावला. ती सुमारे १६ वर्षांची, तर नवरा साठीच्या घरात होता. तिला तीन मुलगे झाले. पण गादीचा वारस होता सावत्र मुलगा अगाथोक्लिस. लायसिमॅकसने त्याला ठार करवले. यामागे आर्सिनोई होती, असा ठपका प्राचीन लेखकांनी ठेवला आहे. या हत्येने राज्यात फूट पडली, सेल्युकसने चढाई केली आणि इ.स.पू. २८१ मध्ये लायसिमॅकस रणात पडला.

दुसरा विवाह : सावत्र भावाचा दगा

आर्सिनोई मुलांसह मॅसेडोनियातील कॅसांड्रिया शहरात आश्रयाला गेली. तिचा सावत्र भाऊ टॉलेमी केरॉनस याने सेल्युकसचा खून करून मॅसेडोनिया बळकावला होता. तिच्या मुलांचा गादीवर हक्क असल्याने त्याने तिला मागणी घातली. मुलांना धक्का लागणार नाही, अशा शपथा घेतल्या. मात्र लग्नानंतर शहर ताब्यात येताच त्याने दोन धाकट्या मुलांची हत्या केली. आईच्या कुशीतच ती मारली गेली, असे रोमन इतिहासकार जस्टिन सांगतो. आर्सिनोई सॅमोथ्रेस बेटावर पळाली आणि तेथून इजिप्तला माहेरी परतली.

तिसरा विवाह : सख्ख्या भावाशी

इजिप्तच्या गादीवर आता तिचा सख्खा धाकटा भाऊ दुसरा टॉलेमी होता. सम्राट अशोकाच्या तेराव्या शिलालेखातील ‘तुरमाय’ राजा तो हाच. कटाच्या आरोपावरून त्याने पहिल्या पत्नीला दूर धाडले आणि इ.स.पू. २७५च्या सुमारास आर्सिनोईशी विवाह केला. ग्रीकांना हे नाते निषिद्ध वाटे. त्यावर अश्लील टोमणा मारणाऱ्या सोटाडिस या कवीला जीव गमवावा लागला. इजिप्शियन प्रजेपुढे मात्र इसिस आणि ओसायरिस या भावंड-दाम्पत्य देवतांचा आदर्श होता.

या विवाहातून काय साधले?

राणी बाहेरच्या राजघराण्यातून आली, की तिच्या माहेरचा गादीवर दावा येण्याची भीती असे. ती वाट बंद झाली. या विवाहातून मूल झाले नाही. पहिल्या पत्नीचा मुलगाच पुढे तिसरा टॉलेमी म्हणून राजा झाला.

इ.स.पू. २७०च्या सुमारास आर्सिनोईचे निधन झाले. राजाने तिला देवीपद देऊन मंदिरांमध्ये तिच्या मूर्ती बसवण्याचा आदेश काढला. द्राक्षमळे आणि फळबागांवरील कराचे उत्पन्न तिच्या पूजेसाठी ठेवले. फायूम प्रांतालाही तिचे नाव मिळाले. पुढच्या अनेक टॉलेमी राजांनी बहिणींशीच विवाह केले. क्लिओपात्रानेही सुरुवातीला धाकट्या भावांना सहराजे करूनच राज्य केले.