चिठ्ठीवर उभं राहिलेलं झाड

मी कवितेचा माणूस. बी.ए. झालो तेही मराठी घेऊन. गणिताशी माझा संबंध किराणा दुकानाच्या बिलापुरता. तरीही आज मी तुमच्याशी संगणकातल्या एका झाडाविषयी बोलणार आहे. त्याला कारण आमच्या वडिलांची वही.

वडील तालुक्याच्या गावी शिलाईकाम करीत. गिऱ्हाइकाच्या तोंडचा एखादा शब्द आवडला की मापाच्या वहीत टिपून ठेवीत. पुढं त्यांनी ते सगळे शब्द वर्णमालेच्या क्रमानं एका जाड वहीत उतरवले. चारेक हजार शब्द, शेवटचा ‘हौस’. वहीच्या कडा वाळवीनं खाल्ल्या, तेव्हा भाचा म्हणाला, “मामू, वही द्या माझ्याकडं. मी संगणकात घालून देतो.” तो सी नावाची संगणकभाषा शिकत होता. डेनिस रिची यांनी १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला बेल लॅबोरेटरीजमध्ये घडवलेली ही भाषा आजही वापरात आहे.

शब्द चटकन सापडावेत म्हणून त्यानं त्यांचं झाड केलं. हे झाड उलटं असतं. मूळ वर, फांद्या खाली. समजा, ‘जमीन’ हा शब्द मुळाशी ठेवला. वर्णमालेत त्याच्या आधीचे शब्द डावीकडं, नंतरचे उजवीकडं. डावीकडं ‘कागद’, त्याच्या दोन बाजूंना ‘अत्तर’ आणि ‘खुर्ची’. उजवीकडं ‘दुकान’, त्याच्या दोन बाजूंना ‘दप्तर’ आणि ‘हजर’. आता सातांपैकी कुठलाही शब्द फार तर तीन वेळा ताडून पाहिला की सापडतो, कारण दर वेळी निम्मे शब्द बाजूला पडतात. चार हजार शब्दांचं झाड असं डौलदार असेल, तर फार तर बारा वेळा ताडावं लागतं.

पण वडिलांची वही आधीच क्रमानं लावलेली! ‘अत्तर’ आधी आला, तो मुळाशी बसला. मग ‘कागद’ त्याच्या उजवीकडं, ‘खुर्ची’ त्याच्याही उजवीकडं. झाडाला डावी फांदी फुटेचना. झाड कसलं, ती नुसती साखळी झाली. ‘हौस’ शोधायला आधीचे सगळे शब्द ओलांडायचे. सरासरी दोन हजार वेळा ताडणं आलं. चार हजारांचं आजच्या संगणकाला काही वाटत नाही. पण दहा लाख शब्द असे क्रमानं घातले, तर नुसतं झाड उभारायलाच सुमारे पन्नास हजार कोटी वेळा ताडावं लागेल. म्हणजे वडिलांची शिस्तच झाडाला नडली.

सीच्या प्रमाण संग्रहात क्रम लावणारी आणि लावलेल्या यादीत शोधणारी तयार साधनं आहेत, झाड मात्र नाही. म्हणून भाच्यानं दुसऱ्या कुणी लिहून ठेवलेला तयार संग्रह घेतला. त्याला लायब्ररी म्हणतात. त्यातल्या झाडाचं नाव ‘ट्रीप’. सेसिलिया ॲरागॉन आणि राइमुंड झायडेल यांनी १९८९ साली ते मांडलं. त्यातली युक्ती अशी: येणाऱ्या प्रत्येक शब्दाच्या हाती एक चिठ्ठी द्यायची, तिच्यावर वाट्टेल तो आकडा. डावं-उजवं शब्दावरून ठरतं, वर-खाली मात्र चिठ्ठीवरून.

मी म्हणालो, “अरे, अब्बांचे शब्द तू सोडतीवर सोडलेस?”

तो म्हणाला, “मामू, सोडत फक्त उंचीची आहे. क्रमाला ती हातसुद्धा लावत नाही.”

मला ते पटायला वेळ लागला. खालच्या शब्दाची चिठ्ठी वरच्याहून मोठी निघाली, तर दोघं जागा बदलतात; पण ही अदलाबदल अशी होते, की डावीकडून उजवीकडं वाचताना क्रम तोच राहतो. शब्द कुठल्या क्रमानं आले याला महत्त्व उरत नाही. वही पिंजून, पानं उलटीसुलटी करून शब्द घातल्यासारखं झाड वाढतं. सरासरी पंधराएक वेळा ताडलं की शब्द हाती. नशीब फारच फिरलं तर साखळी होऊ शकते, पण त्याची शक्यता नगण्य.

मात्र लायब्ररीला वर्णमाला येत नाही. दोन शब्दांत आधीचा कुठला, हे सांगणारा छोटासा प्रोग्रॅम आपण लिहून द्यायचा. आधीचा असेल तर ऋण आकडा, तोच असेल तर शून्य, नंतरचा असेल तर धन. भाच्यानं संगणकाचा तयार क्रम दिला, तर ‘माळा’ हा ‘मावा’च्या आधी! संगणकाच्या संकेतांत ‘ळ’ हा ‘ल’च्या पाठोपाठ येतो, आपल्या वर्णमालेत तो ‘ह’नंतर. तिथं अब्बांची वहीच प्रमाण मानली आणि तुलना नव्यानं लिहिली.

खरा धक्का पुढं होता. सगळे शब्द घातले, झाड उघडलं, तर आत एकच शब्द: ‘हौस’. माझ्या पोटात खड्डा पडला. झालं होतं असं, की ही लायब्ररी शब्द स्वतःकडं ठेवत नाही, फक्त त्याचा पत्ता ठेवते. भाच्यानं प्रत्येक शब्द एकाच खोलीत उतरवून तोच पत्ता दिला होता. दुसरा शब्द आला की पहिला पुसला जाई, आणि पत्ता तोच म्हणून झाड म्हणे, हा तर आहेच. अखेर खोलीत उरला शेवटचा भाडेकरू. प्रत्येक शब्दाला स्वतःची जागा दिली, तेव्हा सगळे परतले. काम संपल्यावर त्या जागा मोकळ्या करणंही आपल्याकडंच. सी भाषा मागून आवराआवर करीत नाही.

आता प्रोग्रॅम चालू केला, की दर वेळी नव्या चिठ्ठ्या निघतात, झाडाचा आकार बदलतो. छापलेली यादी मात्र वडिलांच्या वहीसारखी, शब्दाला शब्द. परवा तिच्यात मी एक शब्द घातला: ‘काज’. वडील रोज काजं करीत, म्हणूनच बहुधा तो टिपायचा राहिला. कुठली चिठ्ठी मिळाली कोण जाणे. ‘कागद’च्या पुढं, आपल्या जागी जाऊन बसला.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित अंश)