पावसाळ्यात सायकल

जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात मृग निघतो आणि आपण आभाळाकडे पाहू लागतो. पाऊस आला की शेतकऱ्याला आनंद होतो. पण रोज सायकलने कामाला जाणाऱ्याला काळजी पडते. कोणाला कारखान्यावर जायचे असते, कोणाला डेअरीत दूध घालायचे असते. पाऊस आहे म्हणून काम थांबत नाही. तेव्हा पावसात सायकल कशी चालवावी, ते आपण पाहू.

आधी ब्रेक पाहू. ब्रेक दाबला की रबराचे दोन तुकडे चाकाच्या रिमला घट्ट धरतात. त्या घासण्याने चाक थांबते. पावसात रिम ओली होते. रबर आणि रिम यांच्यामध्ये पाणी राहते, म्हणून रबर नुसतेच घसरते. ते पाणी पुसले गेले म्हणजे मग ब्रेक धरतो. तोवर सायकल पुढे गेलेली असते! म्हणून उतार लागण्याआधीच ब्रेक हलका दाबून रिम पुसून घ्यावी. एरवीपेक्षा लांबूनच वेग कमी करावा. पुढचा ब्रेक एकदम दाबू नये. झिजलेले रबर पावसाळ्याआधी बदलावे. रबर थोड्या पैशांत मिळते. मोडलेला हात थोड्या पैशांत बरा होत नाही.

पुष्कळ लोक एका हातात छत्री धरतात आणि एका हाताने हँडल. हे फार वाईट. एका हाताने एकच ब्रेक दाबता येतो. त्यातून छत्रीत वारा शिरला की सायकल ओढली जाते. दोन्ही हात मोकळे हवेत. त्यासाठी रेनकोट आणि टोपी बरी. पोत्याची खोळ शेतात चांगली, पण सायकलवर नको. खोळीमुळे बाजूचे दिसत नाही, मागची गाडी ऐकू येत नाही. रेनकोट शक्यतो पिवळा घ्यावा, म्हणजे तो लांबून दिसतो. त्याचा घोळ आणि धोतराचा सोगा चेनमध्ये जाणार नाही, असा बांधावा. अंधार असेल तर पुढे दिवा आणि मागे लाल दिवा हवाच. कोरडे कपडे आणि भाकरी प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून कॅरियरला लावावी.

आता रस्ता. पहिल्या पावसात रस्ता सर्वांत निसरडा असतो. डांबरावर साचलेली धूळ आणि गाड्यांचे तेल पाण्यात मिसळते. ट्रॅक्टरच्या चाकांनी आणलेला चिखलही तसाच. तिथे हँडल एकदम वळवू नका, हळू जा. डबक्यात खड्डा किती खोल आहे ते दिसत नाही. बाजूने जायचे, पण आधी मागे पाहायचे.

घरी आल्यावर चेन फडक्याने पुसून तेलाचे चार थेंब सोडा. तेल रिमला मात्र लागू देऊ नका. नाहीतर ब्रेक लागायचाच नाही.

शेवटी सर्वांत महत्त्वाची गोष्ट. ओढ्याच्या फरशीवरून पाणी वाहत असेल, तर थांबा. गुडघाभरच तर पाणी आहे, असे म्हणू नका. पाण्याने भरलेली एक बादली उचलताना हात भरून येतो. वाहते पाणी म्हणजे अशा शेकडो बादल्या एकदम पायांवर येतात. शिवाय खालची फरशी शाबूत आहे की वाहून गेली, ते वरून कळत नाही. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीला पूर आला. इंग्रजांच्या काळातला दगडी पूल वाहून गेला. एस.टी.च्या दोन गाड्या नदीत गेल्या, पुष्कळ माणसे दगावली. जिथे एस.टी. टिकली नाही, तिथे सायकलची काय कथा?

पुष्कळ पुलांजवळ फलक असतो. पुलावरून पाणी जात असताना पूल ओलांडू नये, असे त्यावर लिहिलेले असते. आता तो फलक आपल्याला वाचता येतो. तो वाचावा, आणि शेजारी उभ्या असलेल्या माणसालाही वाचून दाखवावा. एक दिवसाची मजुरी बुडाली तर ती पुन्हा मिळवता येते. घरची माणसे मजुरीची नव्हे, आपली वाट पाहत असतात.