मुलांचें पान व मुलांचा आरसा

देवळाली प्रवरा हें गांव पाण्यानें पोसलेल्या मुलखांत आहे. भंडारदऱ्याचें धरण १९२६ सालीं पुरें झालें. त्या पाण्यानें व प्रवरेच्या कालव्यांनीं या भागाचें रूप पालटलें. अशा ठिकाणीं मुलांच्या जेवणाविषयीं लिहावयाचें तें काय, असें पुष्कळांस वाटेल. परंतु घरांत धान्य असणें ही एक गोष्ट, आणि मुलानें तें निर्भयपणें, आनंदानें व भुकेपुरतें खाणें ही निराळी गोष्ट होय. मधल्या सुटींत डबा उघडून तसाच मिटणाऱ्या मुली, आणि 'लुकड्या', 'ढोल्या' या हाकांना ओ देणारे मुलगे प्रत्येक शाळेंत असतात. त्यांच्यासंबंधानें व त्यांच्या वडील माणसांसंबंधानें चार शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

आपल्याकडे पानांत अन्न टाकणें हें पाप समजतात, आणि या समजुतीमागें मोठा अनुभव आहे. १९७२ च्या दुष्काळांत नगर जिल्ह्यांतल्या (२०२४ पासून याचें नांव अहिल्यानगर झालें) हजारों माणसांनीं दुष्काळी कामांवर खडी फोडली, परदेशांतून आलेल्या तांबड्या मिलोच्या भाकरी खाल्ल्या, सुकडीसाठीं रांगा लावल्या. त्या रांगेंत उभी राहिलेली मुलगी आज आजी झाली आहे. नातवानें टाकलेली अर्धी पोळी पाहून तिच्या पोटांत कालवतें, हें आम्ही समजूं शकतों. पण तिचा राग नातवाच्या बाबतींत भलतेंच काम करतो. पोट भरलें हें सांगणारी जी खूण शरीरानें त्याला जन्मतः दिली आहे, तिच्यावर विश्वास ठेवूं नकोस, असेंच आपण त्याला रोज शिकवितों. कांहीं वर्षांनीं तें मूल भुकेसाठीं न खातां पान मोकळें करण्यासाठीं खाऊं लागतें. मग तेच वडीलधारे 'किती खातोस!' म्हणून त्याला हिणवितात. यावरचा उपाय अगदीं साधा आहे. प्रथम कमी वाढावें. अर्धी भाकरी, पळीभर भाजी. लागेल तसें पुन्हां मागून घ्यावें. अन्न वायां जात नाहीं, आजीचा जीवही दुखत नाहीं, आणि 'पुरे' म्हणण्याचा अधिकार मुलाकडे राहतो.

हा अधिकार मुलाच्या हातीं देणें धोक्याचें नाहीं काय? अमेरिकेंतील क्लारा डेव्हिस या डॉक्टरबाईंनीं हाच प्रश्न प्रयोगानें सोडवून पाहिला. नुकतेंच अंगावरचें दूध सुटलेल्या पंधरा बालकांसाठीं त्यांनीं साधीं, निर्भेळ अशीं चौतीस प्रकारचीं अन्नें निवडलीं व तीं पाळीपाळीनें त्यांच्यापुढें मांडलीं. दाई जवळ बसे. पण ती आग्रह करीत नसे, कीं नाकही मुरडीत नसे. १९२८ व १९३९ सालीं प्रसिद्ध झालेला त्यांचा वृत्तांत मोठा गमतीचा आहे. बालकांची निवड पाहावी तर अगदींच विचित्र. पण महिन्यांचा हिशेब घेतां सर्व धट्टींकट्टीं वाढलीं. मुडदूस झालेल्या एका बालकानें तर माशाच्या यकृताचें तेल आपण होऊन घेतलें, आणि बरें झाल्यावर सोडून दिलें! तथापि येथें एक मेख आहे, ती विसरतां कामा नये. खुद्द डेव्हिसबाईंनींच ती सांगितली आहे. मांडलेल्या पदार्थांत साखर किंवा मैदा मुळींच नव्हता. म्हणजे काय मांडावें हें मोठ्यांनीं ठरविलें, किती खावें हें बालकांनीं. घरांतही हीच वांटणी असावी असें आम्हांस वाटतें. काय, केव्हां व कोठें हें आईबापांनीं पाहावें. खावें कीं नाहीं, आणि किती, हें मुलानें.

मग गोडाचें काय? हा तर उसाचा मुलूख. गुळाच्या ढेपेला कुलूप लावून आजवर कोणाला संयम आला आहे? १९९९ सालीं अमेरिकेंत प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत तीन ते पांच वर्षांच्या मुलांपुढें एक खाऊ पारदर्शक बरणींत ठेवून त्याला बंदी केली, तों मुलांचें बोलणें-मागणें सारें त्या बरणीभोंवतीं फिरूं लागलें. 'भाजी संपव, म्हणजे लाडू देईन' या सौद्यांतही मूल एवढेंच शिकतें कीं, भाजी ही शिक्षा व लाडू हें बक्षीस. सणाचा लाडू सणाच्या पानांत निमूटपणें वाढावा. पाकिटांतले खारे-तळलेले पदार्थ मात्र रोज घरांत आणूंच नयेत. आणावयाचे आपण आणि बोल लावावयाचा मुलाला, हा न्याय नव्हे.

आतां आरशाकडे वळूं. मुली साधारणतः दहाव्या-अकराव्या वर्षीं झपाट्यानें वाढूं लागतात. मुलगे त्यांच्यामागून दोनएक वर्षांनीं. या काळांत मुलींच्या अंगावर थोडी चरबी चढते. तो रोग नव्हे, वाढीचा तो भाग होय. नेमका याच वेळीं कोणी पाहुणा 'किती सुटली ही!' म्हणतो. पाहुणा चहा पिऊन निघून जातो, पण तें वाक्य घरांत राहतें. मग उपास सुरू होतात. देवासाठीं धरलेल्या उपासाविषयीं आमचें कांहीं म्हणणें नाहीं; परंतु देवाचें नांव पुढें करून वजनासाठीं धरलेला उपास आईनें ओळखला पाहिजे. मुलग्यांचा रोग उलटा. त्यांस दंड फुगवावयाचे असतात, आणि त्यासाठीं डब्यांतल्या नाना भुकट्यांवर पैसा जातो.

शरीर पाहून प्रकृतीचें माप काढतां येत नाहीं, याचें उत्तम उदाहरण पुण्याचें आहे. तेथील के. ई. एम. रुग्णालयांतील मधुमेहाचे संशोधक डॉ. चित्तरंजन याज्ञिक व लंडनचे प्राध्यापक युडकिन यांचें एक छायाचित्र २००४ सालीं 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकांत छापलें गेलें. उंचीच्या मानानें वजनाचा जो आंकडा डॉक्टर काढतात, तो दोघांचाही २२.३ होता. पण तपासणींत युडकिनांच्या शरीरांत चरबी शेंकडा ९.१, तर याज्ञिकांच्या शरीरांत शेंकडा २१.२ निघाली! पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३ पासून याज्ञिक व त्यांचे सहकारी यांनीं जें संशोधन चालविलें, त्यांतून असें दिसलें कीं, तेथील नवजात बालकें सरासरी २.७ किलोचीं, तर इंग्लंडांतील ३.५ किलोचीं, तरीही आपल्या किरकोळ बालकांच्या अंगांत स्नायु कमी, आणि चरबी मात्र त्या मानानें टिकून राहिलेली. ज्या मातांनीं गरोदरपणीं दूध, पालेभाज्या व फळें अधिक वेळां खाल्लीं, त्यांचीं बालकें मोठीं निपजलीं. तेव्हां 'बारीक तें निरोगी' हें समीकरण आपल्या लोकांच्या बाबतींत तर विशेषच खोटें आहे.

बारीकपणाचा हव्यास आपोआप उत्पन्न होत नाहीं. फिजी बेटांत भरदार अंगाची वाखाणणी करण्याची रीत होती. तेथील एका प्रांतांत १९९५ सालीं दूरचित्रवाणी आली. १९९८ सालीं ॲन बेकर या अमेरिकन विदुषीनें शाळेंतल्या मुलींस विचारिलें, तेव्हां शंभरांतल्या ७४ जणींनीं आपण फार जाड आहोंत असें केव्हां ना केव्हां वाटतें म्हणून सांगितलें. चित्रवाणीचा संच निदान एका जागीं तरी असे. मोबाइल अंथरुणांतही बरोबर येतो, आणि त्यांतले चेहरे पुष्कळदां यंत्रानें घासूनपुसून काढलेले असतात, हें आमच्या विद्यार्थिमित्रांनीं लक्षांत ठेवावें. पण सारा दोष यंत्राला देऊन कसें चालेल? आरशापुढें उभी राहून स्वतःच्या अंगाला नांवें ठेवणारी आई मुलीला न बोलतां तेंच शिकवीत असते.

खरी उणीव निराळीच आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत महाराष्ट्रांतील १५ ते ४९ वर्षांच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्तक्षय आढळला. अशा प्रांतांत मुलीला 'कमी खा' म्हणण्यापूर्वीं शंभरदां विचार करावा. उपाय दूरचा नाहीं. राहुरीच्या महात्मा फुले कृषि विद्यापीठानें इक्रिसॅट या संस्थेच्या सहकार्यानें लोह अधिक असलेला बाजरीचा 'धनशक्ति' हा वाण सिद्ध केला आहे. तो न मिळाला तरी साधी बाजरीची भाकरी, मेथी, मटकीची उसळ यांनींही पान भरतें. वर लिंबू पिळावें, म्हणजे लोह अंगीं अधिक लागतें. जेवणावर लगेच चहा मात्र नको.

एकादें मूल आठवडेच्या आठवडे जेवण टाळूं लागलें, लपून खाऊं लागलें, त्याचें वजन उतरूं लागलें, किंवा मुलीची पाळी थांबली, तर त्यास हट्ट समजून रागें भरूं नये. तो आजार असूं शकतो. त्यास विनाविलंब डॉक्टरांकडे न्यावें. २०१३ सालीं सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचीं पथकें सरकारी व अनुदानित शाळांत तपासणीसाठीं येतात. त्यांच्यापाशींही हें बोलावयास लाजूं नये. आणि शिक्षकबंधुभगिनींस एक विनंति: वर्गांत मुलांचीं वजनें घेतांना आंकडा मोठ्यानें वाचूं नये. तो कागदावर लिहावा, आणि कागद घडी घालून घरीं पाठवावा.