माशाची घाण, वेलीचे खत

हल्ली जत्रेतून किंवा शहरातल्या बाजारातून काचेच्या भांड्यातले रंगीत मासे आपल्या खेड्यापाड्यांतील घरांतही येऊ लागले आहेत. मुले आठवडाभर त्या भांड्याभोवती घुटमळतात. मग पाणी गढूळ होते, वास सुटतो आणि एके सकाळी मासे उलटे तरंगताना दिसतात. "पाणी तर रोज बदलत होतो, मग मेले कसे?" असा प्रश्न पडतो. ह्या प्रश्नाचे उत्तर शेतकऱ्याला इतर कोणाहीपेक्षा लवकर उमगेल, कारण ते त्याच्या गोठ्यात आणि शेतातच आहे.

मासा कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतो. न खाल्लेले खाद्य कुजले की त्यातूनही अमोनियाच निघतो. बंद गोठ्यात मुताचा जो उग्र वास नाकात चढतो, तो ह्याचाच. नदीत तो वाहून जातो. काचेच्या पेटीत तो साचतो आणि माशाचे कल्ले निकामी करतो. ह्यावर निसर्गाने उपाय ठेवला आहे. पेटीच्या तळच्या खड्यांवर सूक्ष्म जीवाणू वस्ती करतात. एका प्रकारचे जीवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात, दुसऱ्या प्रकारचे नायट्राइटचे नायट्रेट करतात. पहिले दोन पदार्थ माशाला विषासमान. नायट्रेट त्या मानाने पुष्कळ सौम्य. ही वस्ती नीट बसायला चार ते सहा आठवडे लागतात. जो रोज सगळे पाणी ओतून देतो आणि खडे क्लोरीनच्या पाण्याने घासून काढतो, तो ही वस्तीच मोडतो.

नायट्रेट मात्र साचतच राहते. ते कोणी उचलायचे? शेतात टाकलेल्या युरियाचेही मातीत आधी अमोनिया व मग नायट्रेट होते, आणि पिकाची मुळे ते शोषून घेतात. पेटीतही तेच काम मुळांना द्यावे. त्यासाठी आपल्या ओसरीवरचा मनी प्लँट उत्तम. त्याची पाने हवेत व मुळे पाण्यात राहिली, की वेल भराभर वाढतो आणि पाण्यातील अमोनिया व नायट्रेट दोन्ही ओढून घेतो.

ही युक्ती कालपरवाची नाही. लंडनचे रसायनतज्ज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन ह्यांनी एका टाकीत दोन सोनेरी मासे व पाणवनस्पती एकत्र ठेवल्या, कुजकी पाने खाण्यासाठी गोगलगाई सोडल्या, आणि हा समतोल टिकतो हे १८५० साली विद्वानांपुढे मांडले. पुढे १८७७ साली फ्रान्समध्ये श्लोसिंग व म्युंट्झ ह्यांनी दाखवले, की अमोनियाचे नायट्रेट होणे हे जीवाणूंचे काम आहे. हे काम दोन टप्प्यांत होते हे ज्यांनी रॉथमस्टेड येथील शेतीच्या प्रयोगशाळेत अभ्यासले, ते वॉरिंग्टन ह्यांचेच पुत्र. बाप माशांच्या टाकीपाशी, मुलगा शेताच्या मातीपाशी. पण निसर्गाचा नियम एकच!

आता प्रत्यक्ष कृती सांगतो. दोन फूट लांब, एक फूट रुंद व एक फूट उंच पेटीत साधारण ५० लिटर पाणी राहते. तळाशी धुतलेले खडे दोन बोटे जाडीचे पसरावे. पेटी उजेडात ठेवावी, पण थेट उन्हात नको. उन्हाने शेवाळ माजते. नळाचे पाणी असल्यास उघड्या भांड्यात एक दिवस ठेवून मग घालावे. उसाच्या कांडीप्रमाणे मनी प्लँटचे दोन-तीन डोळ्यांचे पाच-सहा तुकडे घ्यावे. निदान एक डोळा पाण्यात बुडवावा, पाने सगळी वर ठेवावी. बुडालेले पान कुजते. कुंडीतला वेल घेतल्यास मुळांची माती पूर्ण धुवावी. मुळे फुटल्यावर दोन-तीन गप्पी मासे सोडावे व महिन्याभराने आणखी चार-पाच. नुसते नर ठेवले तर पिल्लांची गर्दी होत नाही. नर लहान व रंगीत असतो.

खाद्य दिवसातून एकदा, दोन-तीन मिनिटांत संपेल इतकेच द्यावे. मासे उपासाने क्वचित मरतात, फाजील खाद्याने मात्र नेहमी मरतात. दर पंधरा दिवसांनी चौथा हिस्सा पाणी काढून ताजे घालावे. काढलेले पाणी वांगी-मिरचीच्या आळ्यात ओतावे. ते खतच आहे.

एक गोष्ट ध्यानात ठेवावी. हवेतली पाने प्राणवायू हवेत सोडतात, पाण्यात नव्हे. म्हणून वेल कितीही फोफावला तरी मासे थोडेच ठेवावे. पहाटे मासे वर येऊन तोंड उघडझाप करू लागले, तर तिसरा हिस्सा पाणी लगेच बदलावे. तसेच मनी प्लँटचा चीक तोंडाला व घशाला झोंबतो. लहान मुले व शेळ्या पाने चघळणार नाहीत अशा जागी वेल ठेवावा.

आता आरोग्याविषयी. अनेक घरांत मनी प्लँट नुसत्या पाण्याच्या बाटलीत लावलेला असतो. ती बाटली म्हणजे डेंग्यूच्या डासाचे पाळणाघरच! एडिस डास स्वच्छ, साठलेल्या पाण्याच्या काठाला अंडी घालतो, आणि आठवडा-दहा दिवसांत त्यातून नवा डास उडतो. ती अंडी कोरडी पडली तरी महिनोन्महिने जिवंत राहतात. म्हणून बाटलीचे पाणी दर आठवड्याला ओतून आतील कड घासावी. माशांच्या पेटीत ही भीती नाही, कारण गप्पी डासांच्या अळ्या गिळून टाकतो. गुरांच्या हौदातही तो सोडता येतो. मात्र ओढ्यात, तळ्यात किंवा नदीत त्याला मुळीच सोडू नये. तो परका मासा आहे आणि आपल्या देशी माशांच्या जिवावर उठतो.

शेवटी आपल्या विहिरीकडे वळू. पेटीत मुळांनी न उचललेले नायट्रेट पाण्यातच राहते; शेतातही जास्तीचा युरिया व विहिरीलगतच्या उकिरड्याचा निचरा झिरपून पिण्याच्या पाण्यात उतरतो. लिटरमागे ४५ मिलिग्रॅम ही आपल्या देशाने ठरवलेली नायट्रेटची मर्यादा आहे. त्याहून जास्त नायट्रेट असलेल्या पाण्यात दूध कालवून सहा महिन्यांच्या आतील बाळाला पाजले, तर रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती घटते व बाळ निळे पडू शकते. असे पाणी उकळून उपयोग नाही. उकळल्याने नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटून त्याचे प्रमाण वाढते. तेव्हा उकिरडा विहिरीपासून दूर, उताराच्या खालच्या बाजूस असावा, युरिया पिकाच्या गरजेप्रमाणे दोन-तीन हप्त्यांत विभागून द्यावा, आणि घरात पाळणा हलणार असेल तर विहिरीचे पाणी आधी तपासून घ्यावे. मुलांना मात्र पेटीपाशी बसवून हा सारा हिशेब जरूर समजावून सांगावा.