कापसाचा तंतू : एका पेशीची भिंत

सांताक्रूझच्या बाजारात कापूस तीन ठिकाणी सापडतो. वातींसाठी पूजासाहित्याच्या दुकानात, जखमेसाठी औषधांच्या दुकानात आणि उशांसाठी गादीवाल्याकडे. उशीत पुष्कळदा सावरीचा कापूस असतो. तो फळाच्या आतल्या भिंतीवर येतो, म्हणून त्याला आज बाजूला ठेवू. वातीचा कापूस मात्र सरकीवर, म्हणजे बीच्या सालीवर उगवलेला असतो. त्यातला एकच तंतू हलकेच ओढून काढा. बोटाच्या पेराएवढ्या लांबीचा हा तंतू म्हणजे एकच पेशी आहे! पेशी कधीच मेली. आपल्या हाती उरली आहे ती केवळ तिची भिंत. वनस्पतीची पेशीभित्तिका नुसत्या डोळ्यांनी दाखवायची असेल, तर वर्गात याहून सोपे उदाहरण मिळणार नाही.

ही भिंत बांधते कोण?

आधी लांबी

कपाशीचे फूल उमलते त्या दिवसाच्या सुमारास बीजांडाच्या बाहेरच्या थरातील साधारण चार पेशींमागे एक पेशी फुगून वर येते. कोणत्या पेशीने तंतू व्हायचे, हे काही नियंत्रक जनुके ठरवतात. ‘मिब’ कुळातील अशा एका जनुकाचे काम दडपल्यावर सरकीवर तंतूच येत नाहीत, असे प्रयोगांत दिसले आहे.

पुढचे सुमारे तीन आठवडे ही पेशी फक्त लांब होते. अमेरिकन कपाशीत ती २५ ते ३० मिलिमीटरपर्यंत जाते. म्हणजे रुंदीच्या हजार पटींहून अधिक. यासाठी दोन गोष्टी लागतात. पहिली, आतून दाब. पेशी पोटॅशियम, मॅलेट आणि साखर साठवते, त्यामुळे पाणी आत शिरते आणि पेशी ताठ होते. हा दाब निसटू नये म्हणून शेजारच्या पेशींशी जोडणाऱ्या सूक्ष्म वाटा काही दिवस बंदही होतात. दुसरी गोष्ट, ताणली जाईल अशी भिंत. या वेळची प्राथमिक भित्तिका पातळ असते. तिच्यात सेल्युलोज थोडे आणि पेक्टिनसारखी द्रव्ये बरीच असतात. काही विकरे तिचे दुवे कापतात आणि पुन्हा जोडतात. एक्सपान्सिन नावाची प्रथिने दुवे न तोडताच ती सैल करतात.

मग भरण

साधारण सोळाव्या दिवसापासून काम बदलते. लांबी वाढणे मंदावते आणि भिंतीच्या आतल्या बाजूने सेल्युलोजचे थर बसू लागतात. ही दुय्यम भित्तिका. तिचे काम चाळिसाव्या-पंचेचाळिसाव्या दिवसापर्यंत चालते. पक्व तंतूत ९० टक्क्यांहून अधिक भाग सेल्युलोजचाच असतो.

सेल्युलोज विणणाऱ्या विकराचे नाव सेल्युलोज सिंथेज. पेशीपटलात त्याचे रेणू सहा पाकळ्यांच्या फुलासारख्या गटांनी बसलेले असतात. ते ग्लुकोजचे रेणू एकापुढे एक जोडून साखळ्या बाहेर सोडतात आणि या साखळ्यांचे मिळून सूक्ष्म दोर बनतात. प्राथमिक आणि दुय्यम भित्तिकेसाठी या विकराच्या जनुकांचे संच वेगवेगळे आहेत, हे विशेष.

ग्लुकोज येते पानांतून आलेल्या साखरेतून. ती तोडून वापरण्याजोगे यूडीपी-ग्लुकोज पुरवणारे विकर म्हणजे सुक्रोज सिंथेज. नावात ‘सिंथेज’ असले तरी तंतूत त्याचे मुख्य काम सुक्रोज तोडण्याचे आहे. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २००३ साली त्याचे जनुक दडपले, तेव्हा तंतूंचा आरंभ आणि वाढ दोन्ही खुंटले.

वनस्पतींतील सेल्युलोज सिंथेजचे जनुक प्रथम हाती लागले तेही कपाशीतच. डेबोरा डेल्मर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली भरणाच्या टप्प्यातील तंतूंत जागी असलेली जनुके तपासली. त्यांत सेल्युलोज बनवणाऱ्या जिवाणूच्या जनुकाशी साम्य असलेली जनुके सापडली. या टप्प्यात तंतू सेल्युलोजखेरीज दुसरे फारसे काही बनवत नाही, म्हणून कपाशीची निवड अचूक ठरली.

हवामानाची सही

लांबी आणि भरण ही अशी दोन वेगळी कामे आहेत. त्यांची जनुके वेगळी, विकरे वेगळी आणि वेळही वेगळी. म्हणून तंतू लांब असूनही पोकळ राहू शकतो. जनुकांनी आदेश दिला, पण झाडाकडे साखर, पाणी किंवा ऊब नसली तर विकरे काय करणार? तंतूच्या आडव्या छेदात झाडाच्या खोडासारखी वलये दिसतात, हे बॉल्स यांनी १९१९ साली दाखवले. ही वलये वर्षांची नसून दिवसांची असतात. प्रकाश आणि तापमान सतत एकसारखे ठेवले, तर ती उमटत नाहीत.

विदर्भातील बहुतेक कपाशी कोरडवाहू आहे. बोंडे भरण्याच्या वेळी उथळ जमिनीतील ओल संपत आलेली असते. पहिल्या वेचणीचा कापूस चांगला असतो आणि फरदडीचा कमी प्रतीचा, हे शेतकऱ्याला अनुभवाने ठाऊक आहे. फरदडीच्या बोंडांना पाणी कमी आणि रात्री थंड. भिंत अर्धवट राहते. अशा अपक्व तंतूंच्या सुतात गुठळ्या होतात आणि कापडावर रंग नीट न चढता पांढरट ठिपके उरतात. याचा फटका शेवटी शेतकऱ्याच्या भावाला बसतो.

हे मोजण्याचे काम सांताक्रूझपासून फार दूर नसलेल्या माटुंग्यात चालते. तेथे १९२४ साली कापसाची तंत्रप्रयोगशाळा सुरू झाली. तीच आजची केंद्रीय कापूस प्रौद्योगिकी संशोधन संस्था. ठरावीक वजनाच्या कापसातून हवा सोडून ती किती सहज जाते यावर ‘मायक्रोनेअर’ हा आकडा काढतात. त्यात तंतूचा बारीकपणा आणि पक्वता दोन्ही मिसळलेली असतात. देशी कपाशीचा आकडा मोठा येतो, कारण तिचा तंतू आखूड आणि जाड असतो. म्हणजे आकडा मोठा तितका कापूस उत्तम, असेही नाही.

विद्यार्थी हमखास विचारतील, ‘बीटी कपाशीचा तंतू अधिक चांगला का?’ भारतात २००२ साली परवानगी मिळालेल्या बीटी कपाशीतील घातलेले जनुक बोंडअळीला मारक प्रथिन बनवते. भित्तिकेच्या बांधणीशी त्याचा संबंध नाही.

वर्गात करून पाहा

वातीच्या कापसाचे चार-पाच तंतू काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहा. पिळलेल्या फितीसारखे दिसतात ते भरलेले तंतू. पेशी वाळताना सेल्युलोजच्या तिरप्या दोरांमुळे हा पीळ पडतो. सपाट, पातळ, जवळजवळ पीळ नसलेले तंतू अपक्व. शंभर तंतूंत असे किती, हे मुलांना मोजू द्या. गावाकडून पहिल्या वेचणीचा आणि फरदडीचा असा दोन्ही कापूस मिळवता आला, तर दोन्हींची मोजणी शेजारी शेजारी मांडा. एकाच झाडाची, तीच जनुके असलेली बोंडे वेगळा कापूस का देतात, या प्रश्नाचे उत्तर मुले मग स्वतःच शोधू लागतील.