पोर ढ नाही, त्याची सवलत मागून घ्या

मैत्रिणींनो, तोंडी विचारलं की पटापट सांगतं, पण वही पुढे आली की अडखळतं, असं एखादं पोर आपल्या वस्तीत असतंच. आपण त्याला आळशी म्हणतो, ढ म्हणतो. मग दहावी राहिली की मुलगा मजुरीला जातो आणि मुलीचं लग्न ठरतं.

खरं तर वाचन, लेखन किंवा गणितातल्या अशा अडचणीमागे अध्ययन अक्षमता असू शकते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांमध्ये तिचा समावेश आहे. कमी दिसणं, कमी ऐकू येणं, बौद्धिक अक्षमता हेही त्यात येतं.

या मुलांना परीक्षेत काय मिळतं? जादा वेळ, म्हणजे तासाला २० मिनिटं. तीन तासांच्या पेपरला पूर्ण एक तास वाढतो. गरज असेल तर लेखनिक मिळतो. पोर सांगेल तेच तो लिहितो. उत्तर आपल्या पोराचं, हात फक्त दुसऱ्याचा. ही कुणाची मेहरबानी नाही, कायद्यानं दिलेला हक्क आहे. कोणाला कोणती सवलत, हे दाखल्यावरून ठरतं.

पण सवलत आपोआप मिळत नाही. त्यासाठी एवढं करा :

१. वर्गशिक्षकांना अडचण लेखी कळवा. तालुक्याच्या गट साधन केंद्रातल्या विशेष शिक्षकांना भेटा.

२. तपासणी करून दाखला काढा. अध्ययन अक्षमतेचा दाखला प्रत्येक दवाखान्यात मिळत नाही. कुठे जायचं ते विशेष शिक्षकांना विचारूनच निघा, फेरा वाचेल.

३. हे काम नववीतच उरका. बोर्डाचा अर्ज शाळेमार्फत जातो, परीक्षेच्या तोंडावर धावून उपयोग नाही.

४. वर्गात पोराला पुढे बसवायला सांगा. घरी धडा मोठ्यानं वाचून दाखवा, थोडा थोडा भाग घ्या, तोंडी प्रश्न विचारा. लेखनिक मिळणार असेल तर उत्तर सांगून लिहून घेण्याचा सराव आधीपासून करा.

पुढच्या बैठकीत बचतीचा हिशेब झाला की विचारा, "कुणाचं पोर शाळेत मागं पडतंय?" जी ताई हात वर करेल तिला नावं ठेवू नका. तिच्यासोबत एकीनं शाळेत जा. तपासणीसाठी गाडीभाडं नसेल, तर गटाच्या अंतर्गत कर्जातून तिला आधी द्या.